दुपारचे चार, तेही वर्किंग डेला!

एक साधा प्रश्न. मंगळवार, बुधवार, गुरुवार... कुठलाही वार घ्या. दुपारचे चार वाजता तुम्ही कुठे असता?

विचार कसला करताय? तुम्ही असता खुर्चीत. समोर एक्सेल शीट, कानात हेडफोन, कुणीतरी ‘कॅन एव्हरीवन सी माय स्क्रीन?’ असं विचारतंय. हाताशी कागदी कप, त्यात मशीनमधून पडलेलं एक कोमट, तपकिरी द्रव्य. बटणावर ‘मसाला टी’ लिहिलंय म्हणून त्याला चहा म्हणायचं. बाहेर ऊन आहे की ढग, पत्ता नाही, कारण ब्लाइंड्स कायम खाली! चार वाजता ही मुंबई दिसते कशी, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? रविवारचे चार मोजू नका हं, ते झोपेत जातात.

म्हणूनच आजचा विषय, हाय टी. म्हणजे पंचतारांकित हॉटेलात जाऊन, पाय सैल सोडून, भर दुपारी घ्यायचा चहा. नाक मुरडू नका, ‘हे श्रीमंतांचे चोचले’ वगैरे तर आत्ताच म्हणू नका. या चोचल्यांमध्ये एक गंमत लपलेली आहे.

गंमत अशी की आपण जिला ऐटीत ‘हाय टी’ म्हणतो, ती हाय टी नसतेच! मूळ इंग्लंडात हा श्रीमंती प्रकार म्हणजे ‘आफ्टरनून टी’. त्याचं श्रेय देतात बेडफर्डच्या सातव्या डचेसला, अ‍ॅना तिचं नाव, राणी व्हिक्टोरियाची मैत्रीण. काळ १८४०च्या आसपासचा. तेव्हा बड्या घरांतलं रात्रीचं जेवण सरकत सरकत पार आठ-साडेआठपर्यंत गेलं होतं. दुपारचं खाणं जेमतेम. मग चार-पाचच्या सुमाराला बाईंच्या पोटात कावळे ओरडायला लागायचे. त्यांनी गुपचूप खोलीत चहा, पाव-लोणी मागवायला सुरुवात केली, मग मैत्रिणींना बोलावलं आणि बघता बघता फॅशन झाली. थोडक्यात काय, भूक लागली म्हणून खाल्लं. आपल्या आया ज्याला ‘मधल्या वेळचं’ म्हणतात तेच. डबा उघडून चिवडा काढणं आणि डचेसबाईंचं सँडविच यात तात्त्विक फरक शून्य!

आणि ‘हाय टी’? ती कामगारांची. गिरणीत, कारखान्यात दिवसभर राबून संध्याकाळी पाच-सहाला घरी आलेला माणूस नाजूक काकडीचं सँडविच कशाला खाईल? त्याला हवं गरमागरम मटण, पाव, बटाटा आणि कडक चहा. जेवायच्या नेहमीच्या उंच टेबलावर बसून खायचं, म्हणून ‘हाय’, असं सांगतात. डचेसचा चहा बुटक्या टेबलावर, आरामखुर्चीत. आपल्याकडच्या हॉटेलांनी मात्र हाय म्हणजे हाय-फाय असा सरळ अर्थ लावला आणि गिरणी कामगाराचं नाव राजघराण्याच्या चहाला देऊन टाकलं. बसलंही ते छान.

मला हे वाचून हसू आलं, कारण आमचं ऑफिस लोअर परळला आहे. एका जुन्या मिलच्या आवारात. कॅन्टीनच्या खिडकीतून अजून एक चिमणी दिसते, धूर न सोडणारी. आमच्या टीममध्ये एक काका आहेत... म्हणजे होते. वय चव्वेचाळीस, पण बाकी सगळे तिशीच्या आतले, त्यामुळे काका. सोळा वर्षं त्याच कंपनीत. एक्सेलचा कुठलाही फॉर्म्युला अडला की काका. नव्या पोराला पीएफचा फॉर्म भरता येत नसेल तर काका. त्यांचे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात तेही. परत आत गेलेच नाहीत. आणि मुलगा त्याच परळमध्ये, एसी काचेच्या ऑफिसात, गळ्यात कार्ड अडकवून कामाला. काका हे सगळं हसत सांगायचे.

तर एका बुधवारी सकाळी अकराला काकांना एक कॅलेंडर इन्व्हाइट आलं. ‘क्विक कॅच-अप’. पंधरा मिनिटांचं. दुपारी एक वाजेपर्यंत लॅपटॉप जमा, कार्ड जमा, हातात पत्र. पोझिशनच रद्द केली म्हणे, काकांच्या कामात काही खोट नव्हती, हे तीन वेळा सांगितलं. जागेवर येऊन काकांनी ड्रॉवर आवरला, स्टीलचा डबा पिशवीत घातला आणि म्हणाले, ‘आमच्या बाबांच्या वेळी भोंगा वाजायचा. आता इन्व्हाइट येतं.’

काय बोलणार यावर?

खरा प्रॉब्लेम पुढेच होता. काका राहतात डोंबिवलीला. रोज साडेआठला घरी पोचतात. एक वाजता निघाले तर अडीचला दारात. आणि घरी अजून काही सांगितलेलं नाही. ‘आत्ता गेलो तर दार उघडतानाच कळेल तिला,’ काका म्हणाले. म्हणजे सहा तास कुठेतरी काढायचे. स्टेशनच्या बाकावर? मॉलमध्ये? आमची ग्राफिक्सवाली म्हणाली, ‘काका, तुम्हाला कुठे जायचंय? आज कुठेही.’ काका जरा वेळ गप्प. मग म्हणाले, ‘ताजमध्ये चहा प्यायचा राहिलाय.’

आम्ही तिघांनी हाफ डे टाकला. मी, ग्राफिक्सवाली आणि तेवीस वर्षांचा एक ट्रेनी, ज्याच्याकडे हाफ डे शिल्लकसुद्धा नव्हता. त्याचं नंतर काय झालं ते तो बघून घेईल.

ताजमहाल पॅलेसच्या पहिल्या मजल्यावर सी लाउंज आहे. नावाप्रमाणे समोर समुद्र. बोटी, गेटवे, कबुतरं, फोटोवाले सगळं खिडकीत, आवाज मात्र बाहेर. आत पियानो. ज्यांना या वास्तूबद्दल फक्त ‘ताज’ एवढंच ठाऊक आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती. हॉटेल सुरू झालं १६ डिसेंबर १९०३ला. समोरच्या गेटवेची कमान पूर्ण झाली १९२४ला. म्हणजे गेटवे नंतर आलाय हो! पहिली वीस वर्षं इथल्या पाहुण्याला थेट समुद्र दिसायचा. ‘ताज चुकून उलटं बांधलं, आर्किटेक्टनं जीव दिला’ ही कथा तुम्हीही कुठेतरी ऐकली असेल. ती विसरा. मूळ प्रवेशद्वार शहराच्या बाजूला होतं, ठरवून. आणि मुख्य म्हणजे त्याचे आर्किटेक्ट होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य, जोडीला डी. एन. मिर्झा. वैद्यांनी त्याआधी स्टीव्हन्सच्या हाताखाली व्हीटी स्टेशनवर काम केलेलं. ताज पूर्ण झालेलं बघायला ते राहिले नाहीत, १९००मध्ये गेले. पुढचं काम चेंबर्स या इंग्रज आर्किटेक्टनं पुरं केलं. व्हीटीला रोज लोकल पकडणाऱ्या माणसानं ताजमध्ये पाऊल टाकताना बिचकायचं काही कारण नाही. दोन्हीकडे एकाच मराठी माणसाचा हात लागलाय.

पण आम्ही बिचकलोच. सिक्युरिटी चेक झाला, काकांची डब्याची पिशवी मशीनमधून गेली, पडद्यावर पोळीभाजीचा डबा. मशीनवरच्या माणसानं अदबीनं पिशवी परत दिली. २६ नोव्हेंबर २००८ नंतर ही तपासणी आली आणि ती असावीच. त्या हल्ल्यात ही जुनी इमारत जळाली, नंतर दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१०ला पुन्हा उघडली. जिना चढताना हे आठवतंच. आपल्या वयाच्या प्रत्येकाला त्या रात्री आपण टीव्हीसमोर कुठे बसलो होतो ते ठाऊक असतं.

सी लाउंजची आणखी एक ख्याती म्हणजे कांदेपोहे! दक्षिण मुंबईतल्या बड्या घरांमध्ये मुलामुलीची पहिली भेट इथे घडवायची पद्धत वर्षानुवर्षं चालत आलेली. खिडकीपाशी दोघं, चार टेबलं सोडून दोन्हीकडचे आईवडील, सगळे समुद्राकडे बघत असल्याचं नाटक करतायत. आमच्याही शेजारी एक जोडी होती. मुलगी फाडफाड बोलत होती, मुलगा टिशू पेपरची घडी घालत होता. ट्रेनीनं पैज लावली, होकार येणार. ग्राफिक्सवाली म्हणाली, मुलगीच नाही म्हणेल. पैजेचा निकाल कधी लागायचा नाही, ही त्यातली गोची.

आता खाण्याकडे वळू. लंडनकडे तीन मजली स्टँड येतो. खालच्या मजल्यावर सँडविचेस, मधे स्कोन, वर पेस्ट्री. खालून वर चढत जायचं, तिखटाकडून गोडाकडे. तिथल्या रिट्झमध्ये पुरुषांना चहाला जॅकेट-टाय सक्तीचा आहे, आणि लँगहॅम हॉटेलचा दावा की हॉटेलात आफ्टरनून टी द्यायला त्यांनीच १८६५ साली सुरुवात केली. आपल्याकडे कारभार मोकळाढाकळा. सी लाउंजला बुफे असतो आणि त्यात सँडविच, स्कोनच्या जोडीला चक्क शेवपुरी, भेळ! सुरुवातीला मी नाक वर करून म्हटलं, भेळ खायला इथे कशाला यायचं? पण खरं सांगू, गोड खाऊन तोंड मिट्ट झालं की डचेसलासुद्धा शेवपुरीच आठवली असती.

स्कोन हे प्रकरण मात्र समजून घ्या. दिसायला खारी बिस्किटाचा लठ्ठ भाऊ. काकांच्या मते पाव आणि नानकटाईचं लव्ह मॅरेज. त्याला सुरीनं न कापता मधोमध हातानं उघडायचं. मग जॅम आणि क्लॉटेड क्रीम. इंग्लंडात यावरून दोन परगण्यांचं भांडण आहे. डेव्हनवाले आधी क्रीम लावतात वर जॅम, कॉर्नवॉलवाले आधी जॅम मग क्रीम, आणि दोघं एकमेकांना अडाणी समजतात. आपल्याकडे आमटीत गूळ घालणारे आणि न घालणारे, तसं. क्लॉटेड क्रीम चाखल्यावर ग्राफिक्सवालीनं डोळे मोठे केले. ‘अरे, ही तर साय आहे!’ आहेच. दूध मंद तापवून वर धरलेली जाड साय. लहानपणी पोळीला साय-साखर लावून गुंडाळी खाल्ली असेल तर तुम्ही डेव्हनच्या फार जवळून गेलेले आहात.

चहाचं बोलायचं तर मेनूत बिचकायला लावणारी नावं असतात. सोपा हिशेब सांगते. दार्जिलिंग मागवलात तर दूध नको. फर्स्ट फ्लश म्हणजे वसंतातली पहिली खुडणी, हलका, फिक्कट. सेकंड फ्लश उन्हाळ्यातली, जरा गोलसर, द्राक्षाच्या वासाची. अर्ल ग्रे म्हणजे बर्गमॉट नावाच्या लिंबाच्या भावकीतल्या फळाचा सुगंध लावलेला. दुधाचाच हवा तर आसाम. किटलीतली पानं तीन-चार मिनिटांनंतर कडू व्हायला लागतात, तेव्हा ‘थोडा आणखी मुरू दे’ म्हणून गप्पा मारत बसू नका. आणि आपला रोजचा, उकळून उकळून काढायचा, आलं ठेचून घालायचा चहा? त्याची भुकटी ज्या यंत्रातून येते ते सीटीसी मशीन १९३०च्या दशकात आसामात निघालं. पान चुरायचं, फाडायचं, वळायचं. दाणेदार, झटकन रंग सोडणारी, स्वस्त. ते आलं नसतं तर टपरीवरचा कटिंग आपल्या खिशाला परवडला नसता. आसामचा चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा गेला जानेवारी १८३९मध्ये. आपल्या सर्वसामान्य घरात तो पोचायला पुढे जवळपास शतक लागलं.

काकांनी काय मागवलं? मसाला चहा. मी म्हटलं, ‘काका, अहो इथे येऊन मसाला चहा?’ तर म्हणाले, ‘आज नवीन काही ट्राय करायचा मूड नाही गं.’ वेटरनं भुवई न हलवता आणून दिला. हे असं काही चांगल्या हॉटेलवाल्यांकडून शिकावं. काकांनी सवयीनं बशीकडे हात नेला, मग आमच्याकडे बघितलं. ट्रेनीनं ताबडतोब आपल्या दार्जिलिंगचा कप बशीत ओतला आणि फुर्र करून आवाज काढत प्यायला. दोन टेबलांवरच्या आज्जी वळून बघायला लागल्या. काकाही ओतून प्यायले.

पाच वाजून दहा मिनिटांनी काकांचा फोन वाजला. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं कोण ते. सोळा वर्षं रोज त्याच वेळेला वाजतो. काकूंचा प्रश्नही ठरलेला, चहा झाला का? आम्ही कायम यावरून काकांना छेडायचो.

‘घेतोय,’ काका म्हणाले. मग थोडं थांबून, ‘ताजमध्ये.’

पलीकडून हसण्याचा आवाज आम्हालाही ऐकू आला. त्यांना वाटलं, थट्टा. काकांनी खिडकीतून गेटवेकडे बघितलं, उठले आणि फोन घेऊन बाहेर जिन्याकडे गेले.

वीस मिनिटं आम्ही तिघं एकमेकांशी बोललो नाही. ट्रेनीनं उगाच तिसऱ्यांदा ताट भरून आणलं आणि त्यातलं काहीच खाल्लं नाही. शेजारची मुलगी आता गप्प होती आणि मुलगा बोलत होता. पियानोवाला कुठलं तरी जुनं हिंदी गाणं वाजवत होता. बाहेर ऊन कलून पाणी तांबूस दिसायला लागलं होतं. चार ते साडेपाच मुंबई अशी दिसते तर. दर आठवड्याचे पाच दिवस आपण हे विकून टाकलंय आणि कितीला, ते पे-स्लिपवर वेगळं लिहिलेलं नसतं.

काका परत आले. डोळे लाल, पण चेहरा सकाळपेक्षा सैल. खुर्चीत बसले आणि म्हणाले, ‘ती म्हणाली, एकटाच खातोयस का, मला काय आणतोयस?’

बुफेचं पार्सल मिळत नाही, हे तुम्हालाही सांगून ठेवते, विचारू नका कुठेच. पण खाली हॉटेलचं केक शॉप आहे. तिथून ग्राफिक्सवालीनं एक चॉकलेटची मोठी पेस्ट्री बॉक्समध्ये बांधून घेतली. खालचा डबा आणि वरचा बॉक्स असा काकांचा संसार.

बिल. हो, त्यावर यायलाच हवं. चार माणसांचं पाच आकडी झालं, टॅक्स धरून. अशा हॉटेलात जीएसटी १८ टक्के लागतो, मेनूवरचा आकडा बघून खूश होऊ नका. सर्व्हिस चार्ज मात्र कुठल्याही हॉटेल-रेस्टॉरंटला सक्तीनं लावता येत नाही, दिल्ली हायकोर्टानंही मार्च २०२५मध्ये हेच सांगितलंय. दुसरा हिशेब असा की १२ रुपयांची कटिंग, वर्षाचे अडीचशे कामाचे दिवस, झाले तीन हजार. थोडंफार इकडेतिकडे तेवढ्यात एका माणसाची हाय टी. म्हणजे एक वर्षाचा टपरीवरचा चहा एका दुपारी! दर महिन्याला करायची ही गोष्ट नाही, आणि ईएमआयवर तर मुळीच नाही. वर्षातून एकदा, आधी टेबल सांगून ठेवून, खिडकीपाशीच हवं असं दोनदा बजावून. आम्हाला अर्थातच खिडकीपासून दुसरं मिळालं. काका पाकीट काढायला लागले तर ट्रेनीनं त्यांचा हात धरला. ‘काका, पीएफचा फॉर्म तुम्ही भरून दिला होतात.’ एवढंच बोलला.

सहा वाजता बाहेर आलो. गेटवेपाशी सायकलवर किटली लावलेला चहावाला होता. एवढं सगळं पोटात असताना काका म्हणाले, एकेक कटिंग होऊन जाऊ दे. हे बिल त्यांनी दिलं.

नंतर व्हीटीपर्यंत चालत. आता सीएसएमटी, पण पायांना अजून व्हीटीच कळतं. संध्याकाळची डोंबिवली फास्ट म्हणजे काय ते मध्य रेल्वेवाल्यांना सांगायला नको. खांद्याला पिशवी आणि दोन्ही हातांनी बॉक्स डोक्यावर धरून काका आत घुसले, आम्हाला शेवटी फक्त बॉक्स दिसत होता.

आठ चाळीसला ग्रुपवर मेसेज आला. ‘पोचलो. एक बाजू चेपली, चॉकलेट वाचलं. ती विचारतेय स्कोन म्हणजे काय.’